अनारसे कां हसतात?

इसवी सन २०२३ मध्यें श्रावण महिना दोनदां आला. १८ जुलैपासून १६ ऑगस्टपर्यंत अधिक श्रावण चालला, आणि त्या महिन्यांत महाराष्ट्रांतील पुष्कळ घरीं अनारशांचा विषय निघाला. कारण अधिक मासांत जांवयास ३३ अनारशांचें वाण देण्याची चाल जुनी आहे. अशाच एखाद्या घरांतील प्रसंग डोळ्यांपुढें आणावा. घर पुण्यांतील एका सदनिकेंतलें. थोरल्या मुलीचें लग्न होऊन वर्ष झालेलें, आणि महिना संपण्यापूर्वीं एका रविवारीं जांवई जेवावयास यावयाचा. त्या घरांत अनारसे आजवर सासूबाई करीत असत. त्या जाऊन दोन वर्षें झालीं. मागें राहिली त्यांची एक जुनी वही, आणि त्या वहींत अनारशांच्या नांवापुढें एवढेंच लिहिलेलें : तांदूळ तीन दिवस भिजवावे, रोज पाणी बदलावें, फडक्यावर पसरावे, कुटावे, गूळ पुरेसा घालावा.

पुरेसा म्हणजे किती, हें सासूबाईंच्या हाताला ठाऊक होतें. वहीला ठाऊक नव्हतें. गृहिणी या विवंचनेंत असतांनाच धाकट्या मुलानें विचारलें, "आई, अनारसे तेहतीसच कां? तीस कां नाहींत?" अशा रीतीनें एकाच वेळीं त्या घरांत दोन प्रश्न उभे राहिले, एक बुद्धीचा व एक जिभेचा, आणि दोन्ही प्रश्न एकाच दारीं गेले. तें दार म्हणजे हातांतल्या मोबाइलवरील शोधयंत्र. शहरांतील सुशिक्षित घरांत आज दिवसांतून अनेकदां हें दार ठोठावलें जातें. परंतु त्या दारामागें काय आहे, तेथून काय मिळूं शकतें आणि काय मिळूं शकत नाहीं, याचा विचार क्वचितच होतो.

पूर्वीं असे प्रश्न घरांतल्या घरांत फिरत. मुलगा आजोबांना विचारी. आजोबा पंचांग उघडीत. तेवढ्यानें भागलें नाहीं तर आळींतल्या एखाद्या शास्त्रीबुवांकडे जात. डॉ. श्रीधर व्यंकटेश केतकर यांच्या महाराष्ट्रीय ज्ञानकोशाचे २३ खंड ज्या ग्रंथालयांत असत, तेथें जाऊन कोणी हौशी वाचक त्यांचीं पानें चाळी. स्वयंपाकाचा प्रश्न असला तर शेजारीण, मावशी किंवा माहेर हेंच विद्यापीठ. छापील पुस्तकेंहि होतींच. रामचंद्र सखाराम गुप्ते यांचें 'सूपशास्त्र' १८७५ सालीं निघालें. लक्ष्मीबाई धुरंधर यांचें 'गृहिणीमित्र' पुढच्या पिढ्यांच्या हातीं आलें. आणि १९७० सालीं प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'नें वाटी-चमच्याच्या मापानें हजारों नवख्या मुलींना स्वयंपाक शिकविला. तरी पण बहुतेक लहानसहान प्रश्न संध्याकाळपर्यंत विरून जात. प्रश्नापेक्षां तो विचारण्याचा खटाटोप मोठा असे, म्हणून माणूस प्रश्नच सोडून देई.

माणसाला कुतूहल वाटतें तरी केव्हां? जॉर्ज लोवेनस्टाइन या अमेरिकन विद्वानानें १९९४ सालीं याविषयीं एक उपपत्ति मांडली. माणसाला जें ठाऊक आहे आणि जें ठाऊक असावेंसें वाटतें, त्या दोहोंमधील फट जाणवली कीं कुतूहल जागें होतें, असें त्याचें म्हणणें. यावरून असें निघतें कीं, ज्याला एखाद्या विषयाची गंधवार्ताहि नाहीं, त्याला त्याविषयीं जिज्ञासाहि वाटत नाहीं. अर्धें ठाऊक असलें म्हणजेच उरलेलें अर्धें टोचूं लागतें. त्या मुलाला ३३ हा आकडा कानावरून गेलेला होता, म्हणूनच त्याला 'कां' हा प्रश्न सुचला. खाण्याच्या इच्छेचेंहि पुष्कळसें असेंच आहे. ज्यानें अनारसा कधीं चाखलाच नाहीं, त्याला अनारशाची आठवण येत नाहीं. ज्याच्या जिभेला खसखशीचा खमंगपणा आणि जाळीदार, खुसखुशीत घांस आठवतो, पण तो मिळवावा कसा हें आठवत नाहीं, त्याचाच जीव कासावीस होतो. जिज्ञासा आणि खाण्याची वासना या दोघी बहिणी एकाच अर्धवट स्मृतीच्या पोटीं जन्मलेल्या आहेत, आणि शोधयंत्राचें घराघरांतील अगत्य यामुळेंच वाढलें आहे.

मुलाच्या प्रश्नाचा उलगडा तत्काळ झाला. बारा चांद्र महिन्यांचे सुमारें ३५४ दिवस होतात. सौर वर्षाचे ३६५ होतात. दर वर्षीं पडणारें हें सुमारें ११ दिवसांचें अंतर सांठत सांठत सरासरीनें साडेबत्तीस महिन्यांत एका पूर्ण चांद्र महिन्याएवढें होतें, आणि तें भरून काढण्यासाठीं अधिक मास धरावा लागतो. ३३ या आकड्याचा मेळ कोणी या साडेबत्तीस महिन्यांशीं घालतात, तर कोणी ३३ देवतांशीं. मुलाचें समाधान झालें, इतकेंच नव्हे, तर "मग मुसलमान मित्राची ईद दर वर्षीं अलीकडे कां सरकते?" हा पुढचा प्रश्नहि त्यालाच सुचला आणि त्याचें उत्तर त्यानें आपलें आपणच काढलें. तेथेंहि चांद्र वर्षच चालतें, परंतु अधिक मास धरीत नाहींत. एक फट बुजली कीं तिच्या शेजारीं दुसरी दिसूं लागते, हा जिज्ञासेचा स्वभावच आहे.

असे प्रश्न घरांत रोज पडतात. हळदीचा डाग साबण लागतांच लाल कां होतो? हळदींतील कर्क्यूमिन हें रंगद्रव्य अल्कधर्मी पदार्थाच्या संगतींत आपला पिवळा रंग टाकून तांबूस होतें, म्हणून. अळूनें घसा कां खवखवतो? त्याच्या पानांत कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे बारीक स्फटिक असतात, म्हणून. आणि म्हणूनच अळू चांगलें शिजवून त्यांत चिंच किंवा आमसूल घालण्याची रीत पडली. कांदा चिरतांना डोळ्यांस पाणी कां येतें? कांद्याच्या पेशी तुटतांच त्यांतील द्रव्यांपासून एक झोंबणारा वायुरूप पदार्थ तयार होतो. आणि तो घडवून आणणारें विकर जपानी संशोधकांनीं २००२ सालीं शोधून काढलें. ज्या गोष्टी पिढ्यान्‌पिढ्या 'असेंच असतें' म्हणून सोडून दिल्या जात, त्यांचीं कारणें आतां भाजी चिरतां चिरतां कळतात. गूगलनें वेळोवेळीं सांगितलें आहे कीं, त्या शोधयंत्राला रोज विचारल्या जाणाऱ्या प्रश्नांपैकीं सुमारें १५ टक्के प्रश्न पूर्वीं कधींहि विचारलेले नसतात. माणसाचें कुतूहल आटत नाहीं, याचा याहून चांगला पुरावा कोणता?

आतां या यंत्राचें अंतरंग पाहूं गेल्यास, प्रथम एक सार्वत्रिक गैरसमज दूर केला पाहिजे. प्रश्न टाकतांच शोधयंत्र साऱ्या जगांत धांवत जाऊन उत्तर आणतें, अशी बहुतेकांची समजूत असते. वस्तुतः तें त्या क्षणीं कोठेंहि जात नाहीं. तें आपल्याजवळ आधींच तयार करून ठेवलेली एक प्रचंड सूचि पाहतें. जाड ग्रंथाच्या शेवटीं शब्दसूचि असते; तींत 'अनारसा' या शब्दापुढें ४१, ११७ आणि २०३ असे पृष्ठांक दिलेले असतात, आणि वाचक सगळा ग्रंथ न वाचतां नेमका त्या पानांवर जातो. ही युक्ति फार जुनी आहे. तेराव्या शतकांत पॅरिस येथें ह्यू ऑफ सेंट-शेर या धर्मगुरूच्या देखरेखीखालीं डोमिनिकन साधूंनीं लॅटिन बायबलाची अशी शब्दसूचि तयार केली होती. शोधयंत्र तेंच काम जगांतील अब्जावधि पानांविषयीं करतें. त्याचे स्वयंचलित वाचक इंटरनेटवर एका पानावरून दुसऱ्या पानावर अहोरात्र भटकत असतात, भेटलेलें प्रत्येक पान वाचतात आणि त्यांतील प्रत्येक शब्दापुढें त्या पानाचा पत्ता टिपून ठेवतात.

या कल्पनेची सुरुवात अगदीं साधी होती. कॅनडांतील मॉन्ट्रियल येथील मॅकगिल विद्यापीठांत ॲलन एमटेज या तरुणानें १९९० सालीं 'आर्ची' नांवाचें शोधयंत्र तयार केलें. तें केवळ निरनिराळ्या संगणकांवरील धारिकांच्या नांवांची यादी ठेवी. आंत काय लिहिलें आहे, हें त्याला कळत नसे. पुढें पानांतील मजकुराचीहि सूचि होऊं लागली, आणि मग उलटी अडचण उभी राहिली. एका शब्दासाठीं हजारों पानें सांपडूं लागलीं. त्यांतील कोणतें आधीं दाखवावें? यावर लॅरी पेज व सर्गे ब्रिन या स्टॅनफर्ड विद्यापीठांतील दोघां विद्यार्थ्यांनीं जो उपाय काढला, त्यावर १९९८ सालीं गूगलची उभारणी झाली. एखाद्या पानाकडे इतर किती पानें बोट दाखवितात, आणि बोट दाखविणाऱ्यांची स्वतःची पत किती, यावरून त्या पानाचें महत्त्व ठरवावें, असा तो उपाय. सोयरीक जमवितांना गांवांत चौकशी करण्याची जी रीत होती, तिच्याशीं हा उपाय मिळताजुळता आहे. चार माणसांनीं चांगलें म्हटलें तर बरें. पण त्या चारांत गांवानें मानलेला एखादा वृद्ध असला, तर त्याच्या शब्दाला दहांचें वजन. या हिशेबांत आज इतर शेंकडों गोष्टींची भर पडली असली, तरी मूळ तत्त्व हेंच आहे. यावरून एक गोष्ट मात्र ध्यानांत ठेवावी. चौकशीवरून माणसाचा लौकिक कळतो. तो खरोखर कसा आहे, हें लौकिकावरून नेहमींच कळतें असें नाहीं. जें पान पहिलें दिसतें तें लोकांत पुढें आलेलें असतें, एवढेंच खात्रीनें म्हणतां येतें.

भारतांत सर्वसामान्य नागरिकांसाठीं इंटरनेटची सोय १५ ऑगस्ट १९९५ रोजीं विदेश संचार निगमानें सुरू केली. परंतु मराठी माणसाला मराठींत प्रश्न विचारतां येण्यास आणखी बराच काळ जावा लागला. आरंभींच्या मराठी पानांवर प्रत्येकाचें अक्षरवळण निराळें असे, आणि संगणकाच्या दृष्टीनें तें केवळ सोंग असे. वाचणाऱ्याला 'क' दिसे, पण संगणकाच्या पोटीं तेथें कोणतें तरी रोमन अक्षरच असे. आणि तें कोणतें, हें ज्याच्या त्याच्या मर्जीवर. सूचि करणाऱ्या यंत्राला अशा पानांतून निरर्थक अक्षरांपलीकडे कांहीं मिळत नसे. जगांतील सर्व लिपींच्या प्रत्येक अक्षराला एकच ठराविक क्रमांक देणारी 'युनिकोड' ही व्यवस्था १९९१ सालीं प्रसिद्ध झाली. तिच्यांत देवनागरीला पहिल्यापासून स्थान होतें, आणि तिचा वापर रुळला तेव्हां कोठें मराठी पानें शोधयंत्राला खऱ्या अर्थानें वाचतां येऊं लागलीं. मराठी विकिपीडिया २००३ सालीं सुरू झाला. मराठी विश्वकोशाचे खंड आणि मोल्सवर्थ व दाते-कर्वे यांचे कोशहि आज घरबसल्या पाहतां येतात.

तरीहि एक अडचण भाषेच्या स्वभावांतच आहे. इंग्रजी शब्दाचें रूप सहसा फारसें बदलत नाहीं. मराठी शब्द विभक्तीसरशीं वेष पालटतो. 'अनारसा', 'अनारशाचें', 'अनारशांना' हीं एकाच शब्दाचीं रूपें आहेत, हें मुलालाहि कळतें, पण यंत्राला तें शिकवावें लागतें. त्यांतून पुष्कळ मराठी माणसें आपला प्रश्न रोमन लिपींत लिहितात. त्यांत 'ट' आणि 'त' यांतला किंवा 'ळ' आणि 'ल' यांतला भेदच नाहींसा होतो. यासाठीं प्रश्न देवनागरींत विचारणें, आणि एकाच शब्दावर विसंबून न राहतां दोन-तीन नेमके शब्द देणें, हा मार्ग केव्हांहि श्रेयस्कर.

नेमका शब्द म्हणजे काय, हें त्या पुण्याच्या गृहिणीला अनुभवानें कळलें. तिनें प्रथम केवळ अनारशांची कृति विचारली. मिळालेल्या कृतींत कोठें पिठाइतकाच गूळ सांगितला होता, तर कोठें पाऊण पट. तिनें बरोबरीचें माप धरलें, गूळ घालून पीठ चार दिवस ठेवलें, मग खसखशीवर एक अनारसा थापून कढईंत सोडला. पाहतां पाहतां तो तुपांत पसरला, फुटला आणि त्याचा चुरा झाला. अनारसे तुपांत फुटतात कां, असें तिनें विचारलें. उत्तरें आलीं तीं बरीचशीं पुरी, वडे व तळणासंबंधींचीं. मग तिला सासूबाईंचा शब्द आठवला. असें झालें कीं त्या म्हणत, "अनारसा हसला." तिनें लिहिलें : अनारसे कां हसतात? आणि आतां मात्र तिच्यापुढें अशा बायकांचीं लिखाणें आलीं, ज्यांच्या कढईंतले अनारसे खरोखरच हसले होते. गूळ जास्त झाला किंवा पीठ सैल राहिलें, तर गूळ तापलेल्या तुपांत वितळून वाहूं लागतो आणि पीठ एकमेकांस धरून राहत नाहीं. यावर थोडी तांदळाची पिठी मिसळून गोळा पुन्हां मळावा, कांहीं वेळ झांकून ठेवावा, आणि एकच अनारसा तळून पाहावा. पुस्तकी शब्दानें जें सांपडलें नाहीं, तें स्वयंपाकघरांतल्या शब्दानें सांपडलें. कारण ज्यांना उपाय ठाऊक होता, त्यांनीं तो स्वयंपाकघरांतल्याच शब्दांत लिहिला होता.

घरापासून दूर गेलेल्यांना तर हा शब्दांचा शोध अधिकच उपयोगीं पडतो. अमेरिकेंतील न्यू जर्सी राज्यांत एडिसन नांवाचें शहर आहे. तेथें भारतीयांची वस्ती मोठी आहे. तेथील एखाद्या मराठी घरांत अंबाडीच्या भाजीची आठवण झाली आणि दुकानांत तें नांव कोणालाच कळलें नाहीं, तर पूर्वीं ती आठवण तशीच गिळावी लागे. आतां अंबाडी हें नांव शोधलें कीं तिलाच तेलुगु भाषेंत गोंगुरा म्हणतात, हें कळतें. आणि गोंगुरा तर आंध्र-तेलंगणांतील मंडळींच्या दुकानांत जुड्यांनीं मिळतो. भाकरीसाठीं लसणाची फोडणी, ज्वारीचें पीठ आणि अंबाडी, अशी त्या दिवशींची रात्र मग माहेरची होऊन जाते. एकाच पाल्याला दोन प्रांतांनीं दिलेलीं दोन नांवें शोधयंत्र शेजारीं आणून बसवितें, हा त्याचा लहानसा पण खरा उपकार आहे.

या उपकारांबरोबर कांहीं धोकेहि येतात, आणि ते समजून घेतले पाहिजेत. पहिला धोका मापांचा. अमेरिकन कृतींतील एक कप सुमारें २३७ मिलिलिटरांचा असतो. घरांतली वाटी ज्या त्या घराची निराळी. तेथील भट्टीचे ३५० अंश हे फॅरनहाइटचे असतात. ते सेल्सियसमध्यें सुमारें १७७ होतात. दुसरा धोका जाहिरातींचा. शोधयंत्रें चालविणाऱ्या कंपन्यांचें मोठें उत्पन्न जाहिरातींतून येतें, आणि यादीच्या अगदीं वरच्या ओळी पुष्कळदां पैसे देऊन घेतलेल्या असतात. तसें बारीक अक्षरांत लिहिलेलेंहि असतें, पण घाईंत तें कोण वाचतो?

तिसरा धोका याहून गंभीर आहे. अलीकडे शोधयंत्रें केवळ पानांची यादी देऊन थांबत नाहींत. अनेक पानांचा मजकूर एकत्र करून स्वतःच सलग उत्तर रचून देतात. २०२४ च्या मे महिन्यांत गूगलच्या अशा एका यंत्ररचित उत्तरानें, पिझ्झ्यावरील चीज घसरूं नये म्हणून सॉसमध्यें थोडा डिंक मिसळावा, असा सल्ला दिला. हा डिंक लाडवांतला नव्हे, कागद चिकटवावयाचा. त्याचें मूळ शोधतां, अनेक वर्षांपूर्वीं कोणी तरी थट्टेनें लिहिलेल्या एका वाक्यापर्यंत तें जाऊन पोंचलें. यंत्राला थट्टा आणि उपदेश यांतला भेद कळला नाहीं. पिझ्झ्यांतला डिंक कोणीहि शहाणा माणूस ओळखील. पण प्रत्येक चूक इतकी ढळढळीत नसते.

दुधी भोपळ्याचें उदाहरण यासाठीं लक्षांत ठेवण्याजोगें आहे. दुध्याचा रस आरोग्यास हितकर आहे, असें सांगणारें लिखाण विपुल सांपडतें. परंतु कांहीं दुधी कडू निघतात, आणि त्या कडूपणाचें कारण असलेलीं क्युकर्बिटासिन वर्गाचीं द्रव्यें विषारी असतात. २०१० च्या सुमारास भारतांत कडू दुध्याचा रस प्याल्यानें माणसें दगावल्याच्या घटना पुढें आल्या. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेनें नेमलेल्या तज्ज्ञांनीं विचार करून असें सांगितलें कीं, रस काढण्यापूर्वीं दुध्याची फोड चाखून पाहावी, कडू लागल्यास तो मुळींच घेऊं नये, आणि रस घेतल्यावर उलटी, पोटदुखी असा त्रास झाल्यास ताबडतोब रुग्णालय गांठावें. आतां काकडी किंवा दुधी चिरण्यापूर्वीं देठाकडची चकती कापून जिभेला लावून पाहण्याची रीत जुन्या बायकांनीं कोणत्या पुस्तकांत वाचली होती? औषध म्हणून घ्यावयाचें, तर कडू असलें तरी डोळे मिटून प्यावें, अशी समजूत जेथें झाली, तेथें घात झाला. जिभेनें दिलेली सूचना यंत्राच्या यादींत उमटत नाहीं; ती ज्यानें त्यानें आपल्या ठायीं जागी ठेवावी लागते.

या सर्वांचा स्मरणशक्तीवर काय परिणाम होतो, हाहि प्रश्न विद्वानांनीं विचारला आहे. कोलंबिया विद्यापीठांतील बेट्सी स्पॅरो आणि त्यांचे सहकारी यांनीं २०११ सालीं 'सायन्स' या नियतकालिकांत कांहीं प्रयोग प्रसिद्ध केले. माहिती संगणकांत जपून राहणार आहे असें वाटलें, तर माणसें ती माहिती कमी लक्षांत ठेवतात, आणि ती कोठें ठेवली आहे हें मात्र अधिक चांगलें लक्षांत ठेवतात, असें त्यांना आढळलें. पुढें इतरांनीं घेतलेल्या पडताळ्यांत त्यांतील सर्वच प्रयोगांचे निष्कर्ष पुन्हां मिळाले नाहींत. तेव्हां मोबाइलनें बुद्धि नासली, असा आक्रोश करण्याचें कारण नाहीं. घरांतसुद्धां प्रत्येकानें सर्व गोष्टी कधींच लक्षांत ठेवल्या नव्हत्या. पंचांग आजोबांकडे, औषधांचें आजीकडे आणि उधारीचें वडिलांकडे, अशी स्मरणाची वांटणी पूर्वींहि होतीच. फरक एवढाच कीं, आजीला विचारतां तिच्या उत्तराबरोबर तिचा अनुभवहि येई, आणि आपली चूक झाल्यास ती कढईपाशीं येऊन उभी राही.

यावरून मुद्दा स्पष्ट होतो. शोधयंत्राला तेंच सांपडतें, जें कोणीतरी कोठेंतरी लिहून ठेवलेलें आहे. अनारसे हसण्याचा उपाय त्या गृहिणीला मिळाला, तो यंत्राच्या अकलेनें मिळाला नाहीं; कोणी एका अनोळखी बाईनें आपली फसलेली घाणी न लपवितां तिचें कारण मराठींत लिहिलें, म्हणून मिळाला. ज्या गोष्टी लिहिल्याच गेल्या नाहींत, त्यांची सूचि कोणतेंहि यंत्र करूं शकत नाहीं. कोंकणांतल्या एखाद्या घरचें फणसाचें सांदण, खानदेशांतल्या एखाद्या आत्याबाईंचे बिबड्या घालण्याचें माप, विदर्भांतल्या एखाद्या घरचा काळा मसाला, अशा कितीएक गोष्टी आज केवळ हातांत आहेत, आणि ते हात थकत चालले आहेत. प्रसिद्ध पदार्थाच्या हजार कृति सांपडतात. आपल्याच घरच्या पदार्थाची एकहि सांपडत नाहीं, असा अनुभव आज अनेकांना येतो तो यामुळेंच. ही उणीव यंत्र सुधारून भरून येणारी नाहीं. ती लिहूनच भरून येईल.

आणि लिहावयाचें तर कसें, हेंहि या अनुभवावरून कळतें. वाटी म्हटली तर तिच्यांत पाणी किती मावतें, तें सांगावें. पदार्थाचें व जिनसांचें नांव आपल्या गांवीं जें म्हणतात तेंच लिहावें, आणि दुसरीकडे काय म्हणतात तें ठाऊक असल्यास शेजारीं द्यावें. 'पुरेसा', 'बेताचा', 'अंदाजानें' हे शब्द आले तेथें थांबून, तो अंदाज कशावरून करावा, तें नोंदवावें : गोळ्याचा रंग, बोटाला लागणारा चिकटपणा, तुपांत सोडतांच येणारा आवाज. सर्वांत महत्त्वाचें म्हणजे पदार्थ कसा बिघडतो आणि बिघडल्यास काय करावें, तें अवश्य लिहावें. कारण साधलेल्या पदार्थाची कृति कोणीहि देतो, पण माणूस मदतीसाठीं धांवतो तो पदार्थ फसल्यावर.

त्या पुण्याच्या घरीं रविवार पार पडला. तेहतीस अनारसे झाले. त्यांतले चार-पांच थोडे हसलेले होते, ते धाकट्या मुलानें आधींच फस्त केले म्हणून पुन्हां पांच थापावे लागले. रात्रीं आवराआवर झाल्यावर गृहिणीनें सासूबाईंची वही उघडली आणि 'गूळ पुरेसा' या शब्दांखालीं आपल्या अक्षरांत लिहिलें : चार वाट्या पिठीस तीन वाट्या किसलेला गूळ, वाटी दीडशें मिलिलिटरांची, पावसाळ्यांत तांदूळ पंख्याखालीं पसरावे, पण पूर्ण वाळूं देऊं नयेत, अनारसा हसल्यास मूठभर पिठी. शेवटीं तारीख घातली. मग त्या पानाचें छायाचित्र काढून तिनें लेकीस पाठविलें. ज्या घरांत अशी एखादी वही आहे, किंवा वहीहि न ठेवतां केवळ हातानें सर्व करणारें एखादें वडील माणूस आहे, त्या घरांतील मंडळींनीं या वर्षीं निदान एका पदार्थापुरतें तरी त्यांच्याजवळ बसावें, विचारावें आणि लिहून घ्यावें.